साठ पोरांच्या वर्गात त्रास किती जणांना असतो, आणि तो बघायचा कसा

पालकसभा संपली की दारापाशी एक-दोघीजणी रेंगाळतात. बाकीचे सगळे चपला घालून गेले की मग हळूच पुढे येऊन म्हणतात, "बाई, घरी फार चिडतो हो, काही बोलायची सोय नाही, असं आमच्याच पोराचं का?" बावीस वर्षं शिकवतेय, तालुक्याच्या गावी, आठवी-नववी, आणि हा प्रश्न ऐकला नाही असं एकही वर्ष गेलं नाही. माझं उत्तर ठरलेलं, अहो तुमच्याच नाही, पुष्कळांचं असतं. पण पुष्कळ म्हणजे किती, हे मला स्वतःलाच कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. बीएडला मानसशास्त्राचा पेपर होता, त्यात फ्रॉईड होता, पावलोवचा कुत्रा होता, साठ पोरांचा वर्ग काही नव्हता.

म्हणून हे लिहितेय. मुख्यतः वर्गशिक्षकांसाठी, पण पालकांनाही चालेल, घरात साठ नसतात एवढाच फरक. मी डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही, त्यामुळे रोगाचं नाव कसं द्यायचं हे यात नाहीच, ते आपलं कामही नाही. आपलं काम बघायचं, लिहून ठेवायचं आणि योग्य माणसापर्यंत पोचवायचं.

आधी आकडे, पण चिमूटभर मीठ घालून

बंगळुरूच्या निम्हान्सने (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, १२ राज्यांत. (महाराष्ट्र त्यात नव्हता, शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड होते.) त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांत ७.३ टक्क्यांना उपचारांची गरज पडावी असा मानसिक त्रास निघाला, देशभराचा हिशोब केला तर साधारण ९८ लाख पोरं. महानगरांत १३.५ टक्के आणि ग्रामीण भागात ६.९. म्हणजे माझ्या साठच्या वर्गात चार-पाच जण.

आता दुसरा आकडा बघा. २०१४ मध्ये भारतातले बरेच अभ्यास एकत्र करून एक हिशोब मांडला गेला होता, त्यात वस्तीत घरोघर जाऊन केलेल्या अभ्यासांचा आकडा आला ६.४६ टक्के आणि शाळांत जाऊन केलेल्यांचा आला २३.३३ टक्के. तोच देश, तीच पोरं, आणि आकडा साडेतीन पट. दुसरा धरला तर माझ्या वर्गात चौदा जण होतात. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वयात सातातल्या एकाला म्हणते, म्हणजे आठ-नऊ.

मग खरं काय? तर सगळंच आपापल्या जागी खरं आहे. विचारलं कोणाला, आईला की बाईंना की पोराला स्वतःला, काय विचारलं, आणि "इथून पुढे त्रास" अशी रेघ कुठे मारली, यावर आकडा हलतो. नुसती प्रश्नावली वाटून मोजलं की आकडा फुगतो, डॉक्टरने समोर बसून तपासलं की खाली येतो. मी माझ्यापुरता साधा हिशोब धरते, साठात चार-पाच जणांना खरंच डॉक्टर किंवा काउन्सेलर लागेल आणि आणखी आठ-दहा जण काठावर आहेत, ज्यांना घर आणि शाळा सावरली तर बहुतेक तेवढ्यावर भागतं. हा माझा अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

आणि परीक्षेची काळजी यात मोजू नका. एनसीईआरटीने २०२२ च्या जानेवारी ते मार्चमध्ये सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना विचारलं तर ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे काळजीचं कारण सांगितलं. आता ८१ टक्के पोरं काय आजारी असतात का, नसतात. काळजी वाटणं वेगळं आणि काळजीमुळे शाळाच सुटणं वेगळं.

पहिलं काम, कॅटलॉग बंद करून नावं लिहा

ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, चुकून सापडली. एका वर्षी सहामाहीनंतर रिझल्टशीट घरी विसरले आणि शाळेत बसून आठवणीतून नावं लिहायला घेतली. पंचावन्न आली, चार आठवेनात. पोरं रोज समोर बसतात, ऑगस्ट-सप्टेंबर उलटलाय, आणि चार नावं डोक्यात नाहीत! पहिली दहा कोणाची आली माहितीये? हुशार पाच आणि दंगा करणारे पाच.

तर तुम्हीही करून बघा. शाळा सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले की एका कोऱ्या कागदावर वर्गाची सगळी नावं लिहा, कॅटलॉग न बघता. जी सगळ्यात उशिरा आली किंवा आलीच नाहीत, तिथून बघायला सुरुवात करा. कारण दंगेखोराचा त्रास आपल्याला होतो म्हणून तो आपल्याला दिसतो, घाबरणारं, आतल्या आत कुढणारं पोर मात्र आपल्याला काहीच त्रास देत नाही. ते शिक्षकाच्या नजरेतून सुटतं.

त्या चारांत एक मुलगी होती, आठवीतली. खिडकीकडच्या रांगेत तिसरा बाक, अक्षर मोत्यासारखं, गृहपाठ कायम पूर्ण, युनिफॉर्म इस्त्रीचा. मी मुद्दाम तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. हजेरीला "हजर" म्हणायची ते शेजारणीलाच ऐकू जायचं. मधल्या सुट्टीत डबा उघडायची, झाकणावर भाजी काढायची, आणि मग ते सगळं परत डब्यात भरायची. हजेरीपट काढून बघितला तर दीड महिन्यात पाच खाडे, आणि त्यातले चार मंगळवारी. मंगळवारी काय असतं म्हणून टाइमटेबल बघितलं तर तिसऱ्या तासाला इंग्रजीचं प्रकटवाचन, नंबराप्रमाणे उभं राहून वाचायचं. आईशी बोलले तेव्हा कळलं की मंगळवारी सकाळी पोट दुखतं, ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, सोनोग्राफी पण झाली, नॉर्मल. पोट खरंच दुखत होतं हं, नाटक नव्हतं. भीती पोटातच असते असं आपण म्हणतो ना, पोटात गोळा येणं, ते अगदी शब्दशः.

वहीत काय लिहायचं

शंभर पानी वही घ्या, ज्या पोरांबद्दल शंका आहे त्यांतल्या प्रत्येकाला दोन पानं. आणि एक नियम पाळा, वहीत विशेषणं लिहायची नाहीत. "उद्धट", "आळशी", "लक्ष नसतं" असलं काही लिहिलंत तर महिन्याने वाचून काहीच कळणार नाही आणि डॉक्टरला तर त्याचा शून्य उपयोग. "बुधवार, चौथा तास, गणित, फळ्यावरचं उतरवायला सांगितलं, दोन ओळी लिहून पेन फेकलं, पाणी प्यायला परवानगी मागितली, वीस मिनिटं आला नाही." हे असं लिहायचं. वेळ, विषय, आधी काय झालं, पोराने काय केलं, नंतर आपण काय केलं. रोज लिहायची गरज नाही, आठवड्यातून दोन-तीन नोंदी पुरतात, पण सहा आठवडे लिहा.

मग त्या नोंदींना चार प्रश्न विचारायचे. एक, हे पहिल्यापासून असंच आहे की मध्येच बदललं? बोलकं पोर गप्प झालं, खेळणारं बसून राहायला लागलं, अक्षर अचानक बिघडलं, हा बदल सगळ्यात महत्त्वाचा. दोन, किती दिवस? आजी गेली आणि दहा दिवस पोर रडतंय तर ते रडायलाच पाहिजे, पण दोन आठवड्यांच्या वर रोज उदास, कशातच मन नाही असं असेल तर थांबू नका, चंचलपणाबद्दल मात्र डॉक्टरसुद्धा किमान सहा महिने टिकलाय का हे विचारतात. तीन, किती ठिकाणी? शाळेतच की घरीही की क्लासमध्येही. एकाच ठिकाणी असेल तर आधी त्या ठिकाणी काय चाललंय ते बघा, काही वेळा ते ठिकाण म्हणजे आपणच असतो. आणि चार, यामुळे काय बंद पडलं? जेवण, झोप, मित्र, शाळेत येणं, यातलं काही बंद पडलं असेल तर बाकीची उत्तरं काहीही येवोत, पुढे न्यायचंच.

वयाचंही बघावं लागतं. पहिलीतलं पोर आईला सोडताना रडतं, सातवीतलं रडलं तर विचारावं लागतं. बारकी पोरं अंथरूण ओलं करतात ते बऱ्याच जणांचं आपोआप थांबतं, पण थांबून वर्षभराने परत सुरू झालं तर काहीतरी झालंय. दुसरी-तिसरीपासून वाचता-लिहिता न येणं उघडं पडायला लागतं, बारा-तेरापासून उदासी आणि चिंता. मानसिक आजारांपैकी साधारण एक तृतीयांश चौदाच्या आत सुरू झालेले असतात आणि जवळजवळ निम्मे अठराच्या आत, म्हणजे नेमके आपल्या हाताखाली असतानाच.

माझी एक मोठी चूक

हे सांगायलाच पाहिजे. नववीतला एक मुलगा, मागचा बाक, सतत खुसफुस, टोप्या उडवणं, वही अर्धवट. त्याच्या डायरीत मी एका सत्रात अकरा वेळा लाल शाईने शेरे मारले, पालकांना भेटण्यास सांगावे, पालकांना भेटण्यास सांगावे. स्टाफरूममध्ये "हा काय सुधारत नाही" म्हणणाऱ्यांत मी पुढे होते. तोंडी विचारलं की उत्तर पटकन द्यायचा, त्यामुळे मला वाटायचं येतंय सगळं, करायचं नाही. एकदा पेपर तपासताना जरा निवांत होते म्हणून त्याचं लिखाण नीट वाचलं. "शाळा" चं "शळा", "विज्ञान" चं "वज्ञन", काना, मात्रा, वेलांटी गायब, जोडाक्षरं फोडलेली, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिलेला. वाचायला दिलं तर पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून द्यायचा. पोराला अध्ययन अक्षमता होती, एलडी म्हणतात ती, आणि नववीपर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नाही. वाचता येत नाही हे चाळीस जणांना कळण्यापेक्षा दंगा करून वर्गाबाहेर काढलेलं बरं, असा साधा हिशोब होता त्याचा.

म्हणून वागणुकीला हात घालायच्या आधी पुढच्या गोष्टी तपासून घ्या. डोळे, चष्म्याचा नंबर. कान, सर्दीने सतत वाहणारे असतील तर ऐकू कमी येतं आणि मग "लक्ष नसतं". झोप, रात्री किती वाजता झोपतो, मोबाईल उशाशी असतो का. सकाळी काही खाऊन येतो का. मुलींमध्ये हिमोग्लोबिन, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला होता, त्यातली एखादी बाकावर डोकं ठेवून बसली तर ती आळशी नसते, थकलेली असते. काही सेकंद टक लावून बघत राहणं, हाक मारली तरी भान नाही आणि मग काही झालंच नाही अशा थाटात परत लिहायला लागणं, हे दिवसातून बऱ्याचदा होत असेल तर ती एका प्रकारची फीट असू शकते, तंद्री म्हणून सोडून देऊ नका. आणि वाचन-लेखन, ते तर सांगितलंच.

प्रश्नावली वापरायची असेल तर

बऱ्याच शाळांत हल्ली एखादी संस्था येते आणि एसडीक्यू भरून घेते. रॉबर्ट गुडमन नावाच्या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ मध्ये आणलेली ही २५ वाक्यांची प्रश्नावली. प्रत्येक वाक्यापुढे बरोबर नाही, थोडंसं बरोबर, अगदी बरोबर अशा तीन खुणा. पाच-पाच वाक्यांचे पाच गट असतात, भावना, वागणूक, चंचलपणा, मित्रांशी जमणं, आणि पाचवा चांगुलपणाचा, तो बेरजेत धरत नाहीत. उरलेल्या चार गटांची बेरीज जास्तीत जास्त ४०. मूळच्या रेघा अशा की पालकांनी भरली तर १७ पासून पुढे जास्त, शिक्षकांनी भरली तर १६ पासून पुढे.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्या रेघा तिकडच्या पोरांवरून मारलेल्या आहेत, आपल्याकडे तशाच्या तशा लागू पडतील असं नाही. दुसरं, आई आणि बाई एकाच पोराबद्दल वेगवेगळं लिहिणार, त्याला भांडण समजू नका. अमेरिकेत आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये शंभराहून जास्त अभ्यास एकत्र केले तेव्हा पालक-शिक्षकांसारख्या वेगवेगळ्या नात्यातल्या मोठ्यांच्या उत्तरांचं जुळणं निघालं ०.२८, म्हणजे फारच बेताचं (तंतोतंत जुळलं तर १ येतं). घरचं पोर आणि शाळेतलं पोर खरंच वेगळं असतं. माझ्या स्वतःच्या मुलाच्या शाळेतल्या बाई "किती शांत आहे" म्हणाल्या होत्या तेव्हा मी दोनदा नाव विचारून घेतलं होतं.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्नावलीत नाव आलं म्हणजे आजार नाही. समजा साठात खरा त्रास चौघांना आहे, प्रश्नावलीने त्यातले तीन पकडले, आणि उरलेल्या ५६ मधल्या दर दहात एकावर उगाच खूण केली. म्हणजे खुणा झाल्या आठ-नऊ, त्यात खरे तीन. आता ती आठ-नऊ जणांची यादी स्टाफरूमच्या टेबलावर पडली तर काय होईल ते तुम्हाला माहितीच आहे. यादी कपाटात, कुलपात, आणि पोराबद्दल फक्त त्याच्या आईबापाशी.

पोराशी बोलायचं कसं

केबिनमध्ये समोर बसवून "काय झालं सांग बघू" म्हणालात की "काही नाही बाई" हेच येणार. हाताला काहीतरी काम द्या, वह्या लावायला घ्या, नकाशे गुंडाळायला घ्या, शेजारी-शेजारी उभं राहून बोला, नजरेला नजर नको. आणि "का" ने सुरुवात करू नका, का म्हटलं की पोराला सफाई द्यावीशी वाटते. त्या मुलीला मी म्हणाले, "मंगळवारी तू येत नाहीस, मला आपलं वाटलं इंग्रजीच्या तासामुळे असेल." ती पाच-सहा वह्या लावेपर्यंत काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "माझा नंबर सतरा आहे, सोळा जणांचं होईपर्यंत मला काहीच ऐकू येत नाही." एवढंच.

"कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. "ज्यांना सांगितल्याशिवाय तुला मदत होणार नाही त्यांनाच सांगीन, आणि आधी तुला विचारून" इतकं म्हणा. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे शाळेचं नाव, संस्थाचालक, गावकी काही आड येता कामा नये.

आणि जीव द्यायची भाषा. एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची देशभरची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) २०२२ च्या आकड्यांत देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि राज्यांत सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, १,७६४. "असंच बोलतो तो, लक्ष वेधायला" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. वहीच्या मागच्या पानावर, स्टेटसला, निबंधात तसं काही दिसलं तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात भरतं ही समजूत चुकीची आहे, उलट कोणीतरी विचारलं म्हणून पोर मोकळं होतं. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालकांना बोलवायचं, घरातली औषधं, फवारणीचं औषध हाताशी राहणार नाही हे बघायला सांगायचं, आणि दवाखान्यात जाईपर्यंत पाठ सोडायची नाही. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. लहान मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८. हे दोन नंबर मी नोटीस बोर्डवर लावलेत आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही, तिथे निवांत वाचता येतात, कोणी बघत नाही.

पालकांशी बोलताना

सभेत नाही, फोनवर नाही, बोलवून आणि शक्यतो दोघांना. पहिलं वाक्य पोराच्या चांगल्या गोष्टीबद्दल, आणि ती खरी पाहिजे, ओढूनताणून नको. मग वही उघडायची आणि नोंदी वाचायच्या, तारखेसकट. इथेच त्या वहीचा खरा उपयोग होतो, कारण "तुमचा मुलगा चंचल आहे" म्हटलं की बाप म्हणतो "मी पण असाच होतो", पण "बुधवारी, शुक्रवारी, सोमवारी गणिताच्या तासाला असं झालं" म्हटलं की गप्प बसून ऐकतात. वेडा, मंद, सायको असले शब्द तोंडात नकोत, आजाराचं नावही नको, फक्त "एकदा दाखवून घेऊ".

दाखवायला लोक का कू करतात त्याला कारणं आहेत. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात भारतातल्या १५ ते २४ वयाच्या मुलामुलींपैकी फक्त ४१ टक्के म्हणाले की मानसिक त्रासात मदत घेणं चांगलं, २१ देशांची सरासरी होती ८३. पोरं असं म्हणतात तर आईबापाचं काय घेऊन बसलात. मुलीच्या लग्नाची काळजी असते, एका दिवसाची मजुरी बुडते, कोणी म्हणतं नजर लागलीय. त्यावर वाद घालत बसू नका, मीठ-मोहरी ओवाळायची तर ओवाळा, पण सोमवारी दवाखान्यातही चला, एवढं म्हटलं की बहुतेकजण येतात. देवऋषी मारझोड करत असेल किंवा उपाशी ठेवत असेल तर मात्र स्पष्ट नाही म्हणायचं.

कुठे पाठवायचं? आधी बालरोगतज्ज्ञ, डोळे-कान-रक्त तिथे होऊन जातं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आणि बऱ्याच ठिकाणी डीईआयसी म्हणून मुलांच्या तपासणी-उपचारांचं केंद्र असतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्याची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते, वजन-उंची घेते. त्यांच्या यादीत अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी (अतिचंचलपणा, लक्ष न टिकणं) सुद्धा आहेत हे कित्येक शिक्षकांना माहीतच नसतं, त्यामुळे गाडी येते, दात बघून जाते. आधीच दोन-चार नावं काढून ठेवा आणि टीमच्या हातात द्या. एलडीचं सर्टिफिकेट मुंबईत सायन, नायर, केईएमसारख्या सरकारी-पालिका रुग्णालयांतून मिळतं, ते असलं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही एलडीचा समावेश आहे. साधारण तिसरीनंतर तपासणी करता येते, दहावीच्या जानेवारीत धावाधाव करू नका. माझ्या त्या मुलाचं नववीच्या मेमध्ये झालं, तारखांवर तारखा घेत, एकदा तर फक्त आधारकार्डाची झेरॉक्स नव्हती म्हणून त्याची आई सहा तासांचा प्रवास करून परत आली.

तोवर वर्गात काय करायचं

डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत दोन महिने जातात, तेवढ्यात हात बांधून बसायची गरज नाही. चुळबुळ्याला दर पंधरा मिनिटांनी उठायचं अधिकृत कारण द्या, खडू आण, खिडकी उघड, वह्या वाट. मोठं काम तुकड्यातुकड्यांत द्या. फळ्यावरचं उतरवता येत नसेल तर शेजाऱ्याच्या वहीचा फोटो चालेल असं जाहीर करून टाका, सगळ्या वर्गाला, म्हणजे एकट्याकडे बोट जात नाही. एक गोष्ट बरी केली की लगेच, तिथल्या तिथे, हळू आवाजात सांगा. मारणं तर नाहीच, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहे, आणि वर्गासमोर पाणउतारा करणं हे दुसऱ्यात येतं, हे आपल्यातल्या पुष्कळांना पटत नाही अजून.

घाबरणाऱ्या मुलांची सुटका करू नका, पायऱ्या करा. मला आधी वाटलं त्या मुलीला प्रकटवाचनातून सूट द्यावी, काउन्सेलर म्हणाल्या, नको, सूट दिली की भीती आणखी पक्की होते. मग असं केलं, पहिले दोन आठवडे तिने मधल्या सुट्टीत फक्त मैत्रिणीला वाचून दाखवायचं. मग तिघींना. मग मला आणि तिघींना. मग वर्गात, पण बसून, आणि नंबर सतरा नाही तर पहिला, म्हणजे वाट बघणं नको. दोन ओळी वाचल्या आणि खाली बघितलं. टाळ्या वगैरे काही नाही, मुद्दामच कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी डब्यात मेथीची भाजी होती आणि तिने ती खाल्ली, वहीत तशी नोंद आहे.

सगळं असंच सुरळीत होतं असं नाही हं. एका मुलाचे पालक दोनदा येऊन गेले आणि मग शाळाच बदलली त्यांनी, पुढे काय झालं मला माहीत नाही.

यंदा वर्गात एकसष्ट आहेत. गेल्या शनिवारी कॅटलॉग बंद करून बसले, चौपन्न नावं आली, सात नाही आली. ती सात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीत. आत्ता हे टाइप करताना परत आठवून बघितली तर पाच आली, दोन अजून येत नाहीयेत.